नावापुढे लागलेली वाट

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरातील रस्त्याच्या नावाचे दोन भाग पडतात. पूर्वपदात एखादा राष्ट्रपुरुष, संत, सरदार, इंग्रज गव्हर्नर, दानशूर शेठजी किंवा विद्यमान नगरसेवकाचे दिवंगत वडील असतात, आणि उत्तरपदात रस्ता, मार्ग, पथ, गल्ली, बोळ, आळी, पेठ, चौक, नाका, वेस, फाटा यांपैकी एखादे सामान्यनाम असते. पूर्वपदासाठी सभा तहकूब होतात, मोर्चे निघतात, पाट्यांना काळे फासले जाते आणि तेच काळे पुसून त्यांवर हार चढवले जातात. उत्तरपदासाठी मात्र आजवर कोणी उपोषणाला बसल्याचे ऐकिवात नाही. यावरून उत्तरपदाला अर्थच नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याला अर्थ आहे, पण त्या अर्थाचा त्या जागी आज असलेल्या वस्तूशी काडीचाही संबंध उरलेला नसतो. आणि शब्दाचा अर्थ शब्दकोशात सापडतो अशी श्रद्धा बाळगून जो मनुष्य हातात पत्त्याची चिठ्ठी घेऊन निघतो, तो दुपारी निघाला असल्यास यजमानांकडे रात्रीच्या जेवणाला पोहोचतो. अशा मनुष्यास या विवेचनात 'अभ्यासक' असे म्हटले आहे. ही पदवी त्याने स्वतःच घेतलेली असून घरचे लोक त्याला दुसऱ्या शब्दाने ओळखतात.

वाट, रस्ता, मार्ग आणि पथ हे शब्द शाळेत समानार्थी म्हणून पाठ करून घेतले जातात आणि गोंधळाची पायाभरणी तेथेच होते. प्रत्यक्ष व्यवहारात मराठी माणसाची वाट लागते, तो रस्त्यावर येतो आणि दुर्दैव आड आले नाही तर मार्गी लागतो. हे तीन टप्पे असून त्यांची अदलाबदल करता येत नाही. दिवाळे निघालेला व्यापारी 'मार्गावर आला' असे कोणी म्हणत नाही, कारण त्याचा अर्थ तो सुधारला असा होईल. नामकरण समित्यांना हा सूक्ष्म भेद मनोमन कळत असावा, कारण थोर पुरुषाच्या नावापुढे 'वाट' लावण्याचे धाडस त्या सहसा करत नाहीत; ते केल्यास अनुयायी दुसऱ्याच दिवशी समितीची तीच गत करतील. 'रस्ता' हा फारसीतून आलेला शब्द सर्वांच्या तोंडी असला तरी उद्घाटनाच्या भाषणात तो जरा अनवाणी वाटतो, म्हणून पाटीवर 'मार्ग' येतो. संस्कृतात 'मार्ग्' या धातूचा अर्थ शोधणे असा आहे, आणि त्या दृष्टीने मुंबईतील सर्व मार्ग शास्त्रशुद्ध आहेत, कारण त्यांवरील प्रत्येक मोटारचालक सकाळी दहापासून गाडी उभी करण्यास जागा शोधत असतो. 'पथ' या शब्दाचे चलन पुण्यात अधिक आढळते. पथकरासाठी थांबावे लागते, पथविक्रेत्यापुढे थांबावेसे वाटते आणि पथनाट्य सुरू असल्यास थांबण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळे जेथे वाहन पुढे सरकत नाही त्यास पथ म्हणावे, अशी व्याख्या करण्यास बराच आधार मिळतो. पथदिवे कोणाला थांबवत नाहीत, पण ते बहुधा बंद असतात.

मुंबईत इंग्रजांचे 'रोड' जाऊन 'मार्ग' आले, त्या घटनेला आता कित्येक दशके लोटली. पेडर रोड हा डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग झाला, लॅमिंग्टन रोड हा डॉ. भडकमकर मार्ग झाला आणि नेपियन सी रोड हा लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्ग झाला. यांपैकी शेवटचा रस्ता अभ्यासकास विशेष छळतो. सर इव्हान नेपियन हे १८१२ ते १८१९ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते हे खरे, परंतु त्यांच्या नावाचा समुद्र जगाच्या कोणत्याही नकाशात नाही. त्या रस्त्यावरून दिसतो तो सरसकट सर्वांचा अरबी समुद्र होय. तरीही अभ्यासक पाटीवरील नाव घेऊन टॅक्सीवाल्याकडे जातो.

"लेडी लक्ष्मीबाई जगमोहनदास मार्गाला येणार का?"

"कुठल्या बाई? बिल्डिंगचं नाव सांगा."

"नेपियन सी रोडचंच ते नाव आहे."

"मग आधी बोलायचं ना साहेब. बसा."

पुण्यात याच प्रयोगाचा निकाल थोडा निराळा लागतो. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या रस्त्याला नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव दिलेले आहे, आणि ते नाव घेऊन रिक्षा विचारल्यास चालक अत्यंत ठामपणे सांगतो की असा रस्ता पुण्यात नाही. "मग एफ. सी. रोडला येता का?" असे विचारल्यावर तो तितक्याच ठामपणे उत्तरतो, "तिकडं नाही जायचं." दोन्ही उत्तरांनी पायपीट सारखीच करावी लागते, पण दुसऱ्या उत्तरातून रस्ता अस्तित्वात असल्याचे तरी सिद्ध होते.

आद्याक्षरांचा हा आजार मोठ्या माणसांच्या वाट्याला अधिक येतो. जंगली महाराज या सत्पुरुषांचे जे. एम. झाले, स्वामी विवेकानंदांचे एस. व्ही., लाल बहादूर शास्त्री यांचे एल. बी. एस. आणि दादाभाई नौरोजी यांचे डी. एन. रोड झाले. ज्यांचे नाव अमर व्हावे म्हणून समितीने सभा घेतल्या, त्यांच्या नावाची दोन-तीन अक्षरेच अमर झाली आणि उरलेले नाव पाटी रंगवणाऱ्याच्या बिलात राहिले.

उत्तरपदांमध्ये 'पेठ' हा शब्द मानाने सर्वांत थोरला मानावा लागेल. पेठ म्हणजे बाजारासह वसवलेली वस्ती. तेथे शेटे आणि महाजन नेमले जात, नव्याने येणाऱ्या दुकानदारांना काही वर्षे करात सूट देणारा कौल दिला जाई आणि मग व्यापारी येऊन स्थिरावत. करात सूट हा भाग काळाच्या ओघात गळून पडला, बाकी सर्व तसेच राहिले. पुण्याच्या पेठांना आठवड्याच्या सातही वारांची नावे मिळाली, आणि सातारा, सोलापूर, कोल्हापूर येथेही वारांच्या पेठा आहेत. यातील काही नावे मागाहून पडलेली आहेत. पुण्यातील गुरुवार पेठ ही पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखली जात असे. वेताळ जाऊन गुरुवार आल्याने रात्री-अपरात्री घरी परतणाऱ्यांना धीर आला असेल, परंतु भेटीची वेळ ठरवणे मात्र कायमचे अवघड होऊन बसले. पुणेकर पेठ हा शब्द बोलताना गाळतो आणि वाराला थेट 'त' हा प्रत्यय लावतो, म्हणजे तो शनवारात राहतो, बुधवारात पुस्तके घेतो आणि रविवारात भांडी. त्यामुळे दूरध्वनीवर पुढीलप्रमाणे संभाषण होऊ शकते.

"मंगळवारात कधी येताय?"

"मंगळवारी नाही जमणार. शुक्रवारी येऊ का?"

"शुक्रवारात मी नसतो हो."

"शुक्रवारात नाही, शुक्रवारी. मंगळवारात."

"मंगळवारी तर जमत नाही म्हणालात."

"बरं, असं करा, रविवारी शनवारात भेटू."

"कुठल्या?"

या शेवटच्या प्रश्नास अद्याप उत्तर मिळालेले नाही. पणजीत याच्या पुढची पायरी गाठली गेली असून तेथे रस्त्यांना थेट तारखा दिलेल्या आहेत. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १९४६ साली मडगावात ज्या दिवशी सभा घेतली, त्या दिवसाचे स्मरण म्हणून १८ जून रस्ता आहे, आणि जुन्या वस्तीत पोर्तुगीज काळापासून चालत आलेला ३१ जानेवारी रस्ताही आहे. पुण्याचा मनुष्य आणि पणजीचा मनुष्य यांनी परस्परांना भेटीची वेळ दिल्यास त्यांची गाठ पंचांगातच पडण्याचा संभव अधिक.

पेठांचा विषय संपवण्यापूर्वी रास्ता पेठेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो, कारण ती अनेक अभ्यासकांची स्मशानभूमी आहे. नावात रस्ता आहे असे समजून तेथे मुख्य रस्त्याचा शोध घेणाऱ्यास कळते की ही पेठ सरदार रास्ते यांच्या नावाची असून तिचा रहदारीशी संबंध नाही, आणि अधिक खोलात गेल्यास असेही कळते की रास्ते घराणे मूळचे गोखले. म्हणजे पुण्यात गोखल्यांच्या रस्त्याला लोक फर्ग्युसनचा म्हणतात आणि मूळच्या गोखल्यांच्या पेठेला रस्त्याची. एवढे कळल्यानंतर अभ्यासकाने अमृततुल्य गाठून अर्धा तास शांत बसावे हे उत्तम.

आळी, गल्ली आणि बोळ यांतील भेद जाणकार लोक रुंदीवरून सांगतात, तो पूर्णपणे खरा नाही. आळी म्हणजे ओळ. एका व्यवसायाच्या लोकांची घरे ओळीने बसली की तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी अशी नावे पडत. कसबा पेठेतील तांबट आळीत आजही तांब्यावर हातोडी पडताना ऐकू येते, आणि नावाप्रमाणे वस्तू सापडण्याचे हे इतके दुर्मीळ उदाहरण आहे की ते पाहून अभ्यासकाच्या एकूण सिद्धान्तालाच पोचा पडतो. सुदैवाने तपकीर गल्ली जवळच आहे. तपकीर हे नाकात ओढावयाचे द्रव्य आहे आणि ते पुण्याकडील एक आडनावही आहे. गल्लीत मात्र विजेची आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने आहेत. तेथे एखाद्या वृद्ध गृहस्थाने खरोखरच तपकीर मागितल्यास दुकानदार न हसता विचारतो, "किती व्होल्टची?"

बोळ हा प्रकार निराळा. समोरून माणूस आला असता दोघांपैकी एकाला कोणाच्या तरी ओट्यावर चढावे लागते त्या वाटेस बोळ म्हणावे, आणि ओट्यावर कोणी चढायचे यावरून ज्या वाटेत दोन घराण्यांचे तीन पिढ्यांपासून बोलणे बंद आहे त्यास जुना बोळ म्हणावे. बोळाची व्याख्या मोटारीच्या शोधापूर्वी निश्चित झालेली असल्यामुळे मोटारचालक ती मानत नाहीत. मोटार आत शिरते, पुढे दुधाच्या कॅनची सायकल उभी असते, मागे टेम्पो येतो आणि मग वाहन मागे घेण्याचा सार्वजनिक कार्यक्रम सुरू होतो, ज्यात खिडक्या, गॅलऱ्या व गच्च्या यांतून सर्व वयोगटांचे नागरिक सहभागी होतात. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या," असा घोष चालू राहतो. या मालिकेतील अखेरचा शब्द 'बास' हा असून तो धातूचा आवाज झाल्यानंतर उच्चारण्याची प्रथा आहे.

कोकणात 'पाखाडी' हा एक देखणा शब्द आहे. चढउताराच्या वस्तीत दगड बसवून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. ठाण्यात पाच पाखाडी या नावाचा भाग आहे, आणि तेथे पायऱ्या पाहावयाच्या असल्यास एखाद्या इमारतीची लिफ्ट बंद पडण्याची वाट पाहावी लागते.

चौकाकडे वळले असता अंकगणिताचा प्रश्न उभा राहतो. चौक या शब्दात चार हा आकडा अंगभूत आहे. वाड्याचा चौक चारी बाजूंनी घरांनी बंद असतो आणि रस्त्यांचा चौक चारी बाजूंनी उघडा, म्हणजे एकच शब्द अगदी विरुद्ध कामे करतो, पण चार हा आकडा सोडत नाही. तीन रस्ते मिळत असतील तर कोल्हापूरकर त्यास 'तिकटी' म्हणतो, आणि मिरजकर तिकटी, माळकर तिकटी ही नावे त्या शहराच्या प्रामाणिकपणाची साक्ष देतात. तळकोकणात त्याच रचनेला 'तिठा' म्हणतात व तेथे एस. टी. थांबते, किंवा थांबेल अशी समजूत असते. इतरत्र मात्र चौक होण्यासाठी रस्त्यांची अट उरलेली नाही. कोपऱ्यावर एक लोखंडी खांब, त्यावर निळी पाटी, पाटीवर मंडळाचे नाव आणि खाली 'सौजन्य' म्हणून पाच जणांची छायाचित्रे एवढे झाले की चौक सिद्ध होतो, मग तेथे एकच रस्ता असून तोही पुढे भिंतीला लागून संपत असला तरी हरकत नसते. उलट मुंबईत सात रस्ते जेथे एकत्र येतात त्या 'सात रस्ता' या स्थळाला संत गाडगे महाराज चौक असे अधिकृत नाव आहे. चाराच्या शब्दात सात बसवल्यावर वाहतुकीचे काय होते, हे तेथे संध्याकाळी सहा वाजता उभे राहून पाहता येते. उभे राहावेच लागते.

आता जी वस्तू नावात आहे पण जागेवर नाही, अशा उत्तरपदांचा विचार करणे प्राप्त आहे, आणि हा या विषयाचा खरोखर समृद्ध भाग आहे. 'वेस' म्हणजे गावाच्या तटातील दरवाजा. सोलापुरात बाळीवेस आहे, विजापूर वेस आहे, तुळजापूर वेस आहे; लोक रोज वेशीत जातात, वेशीतून येतात, वेशीवर चहा पितात, आणि दाराला धक्का न लागता हे सर्व पार पडते. 'नाका' म्हणजे येणाऱ्या मालावर जकात घेण्यासाठी अडवण्याची जागा. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा संपली, आणि राज्यातील इतर बहुतेक शहरांतून ती त्यापूर्वीच गेली होती. परंतु जकात गेली म्हणून नाका गेला नाही, कारण अडवण्याचे काम आता कोणाच्याही नेमणुकीशिवाय आणि मोबदल्याशिवाय रहदारीच करते. शिवाय नाक्याला एक स्वतंत्र नागरी जीवन प्राप्त झाले आहे. सकाळी तेथे मजूर कामाच्या शोधात उभे राहतात, दुपारी रिक्षावाले गिऱ्हाईक नाकारत उभे राहतात आणि रात्री तरुण मंडळी काहीही न करता उभी राहतात. या तिसऱ्या वर्गाच्या मातोश्रींनी 'नाका' या शब्दाचा केलेला वापर कोणत्याही शब्दकोशापेक्षा नेमका असतो.

पाण्याच्या बाबतीत मुंबईने कमाल केली आहे. धोबी तलावाचा तलाव केव्हाच बुजला, आणि ज्या मैदानावरून १९४२ साली 'छोडो भारत'ची हाक दिली गेली त्या गोवालिया टँकमधील टँकही जमिनीखाली गेला. धोबी तलावाच्या बसथांब्यावर चौकशी करणाऱ्या अभ्यासकाचा पुढील संवाद या क्षेत्रात प्रमाण मानला जातो.

"येथे तलाव कोठे आहे?"

"हाच की. तुम्ही उभे आहात तो."

"पण यात पाणी नाही."

"जुलैत या."

पुणे या स्पर्धेत मागे नाही. लकडी पूल एकेकाळी लाकडी होता म्हणून तो लकडी, आणि आता त्यात लाकडाचा ढलपाही नसताना तो लकडीच. छत्रपती संभाजी पूल हे त्याचे अधिकृत नाव पत्रव्यवहारात वापरले जाते. त्याच नदीवरील नवा पूल १९२० च्या दशकात बांधला गेला आणि शंभरी ओलांडूनही 'नवा'च राहिला आहे. घरातील एखाद्या नव्वद वर्षांच्या आजींना अजूनही 'नवी सूनबाई' म्हणून हाक मारावी, तसाच हा प्रकार आहे. दादरला ट्रामचे शेवटचे स्थानक होते म्हणून त्या भागास टी. टी. म्हणतात, मुंबईतील ट्राम १९६४ सालच्या मार्चअखेरीस बंद झाली, पण बसचा वाहक आजही 'टी. टी., टी. टी.' असे ओरडतो आणि ज्यांचा जन्म त्यानंतर तीस वर्षांनी झाला ते लोक न चुकता तेथे उतरतात. काळ्या घोड्याची कथा तर याहून गमतीची आहे. ज्या पुतळ्यावरून हे नाव पडले त्यात घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स बसलेले होते, तरी लोकांनी राजपुत्राकडे दुर्लक्ष करून नाव घोड्याचे दिले. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या बागेत हलवण्यात आला आणि पुढे अर्धशतक लोक घोडा नसलेल्या काळ्या घोड्याला जात राहिले. अखेर २०१७ साली तेथे नवा काळा घोडा उभारला गेला, त्यावर स्वार मात्र कोणीही नाही. जनतेचे म्हणणे इतक्या अचूकपणे ऐकले गेल्याचे दुसरे उदाहरण सहजी आठवत नाही.

ज्याला मुक्कामी पोहोचण्याची घाई आहे त्याने 'फाटा' आणि 'रोड' या दोन शब्दांपासून जपून राहावे. फाटा म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटलेली शाखा, आणि गावाचे नाव लावलेला फाटा हा त्या गावात कधीच नसतो. गाव तेथून आत असते. "आत म्हणजे किती?" असे विचारल्यास टपरीवाला हात लांब करून "हे काय, इथंच" असे सांगतो, आणि त्या हाताची लांबी तीन किलोमीटरपासून अकरा किलोमीटरपर्यंत असू शकते. रेल्वेच्या शब्दकोशात 'रोड' याचा अर्थ असाच आहे. लोहमार्ग गावापासून दूर गेला आणि स्थानकाला नाव तर द्यावेच लागले, की त्यापुढे 'रोड' जोडावयाचा, म्हणजे येथून त्या गावाला रस्ता जातो, पुढचे प्रवाशाने पाहून घ्यावे. नाशिक रोडपासून जुने नाशिक आठ-नऊ किलोमीटरवर आहे. कोकण रेल्वेवर राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड ही स्थानके आहेत. गणपतीला निघालेला चाकरमानी पहाटे राजापूर रोडला डोक्यावर मखराचे सामान घेऊन उतरतो आणि राजापूर शोधतो, तेव्हा स्थानकाचे नाव त्याच्याशी खोटे बोललेले नसते. नावाने रस्त्याचे आश्वासन दिले होते, राजापूरचे नव्हे. मुंबईतील ग्रँट रोड या स्थानकाजवळ मात्र ग्रँट यांच्या नावाचा रस्ता खरोखरच होता. त्याचे नाव आता मौलाना शौकत अली मार्ग आहे, आणि अशा रीतीने जेथे रोड होता तेथे तो नावातून गेला व जेथे गावच नाही तेथे तो स्थानकाच्या फलकावर उभा आहे.

उत्तरपदाचा अर्थ अक्षरशः जाणणारा एकच वर्ग महाराष्ट्रात शिल्लक आहे, आणि तो शेतकऱ्यांचा. पाऊलवाट, गाडीवाट, शिवरस्ता आणि पाणंद यांत तो कधीच घोटाळा करत नाही, कारण पाऊलवाटेवरून बैलगाडी गेली की मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांपुढे अर्ज पडतो आणि तो निकाली निघेपर्यंत बैल म्हातारे होऊन त्यांच्या जागी ट्रॅक्टर आलेला असतो. दोन शेतांमधून जाणाऱ्या पाणंदीची रुंदी एका हाताने कमी झाली तर ते सख्ख्या भावाला ताबडतोब समजते. शहरात याउलट संपूर्ण रस्ता नाहीसा झाला तरी पावसाळ्यापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

शहरी माणसाने मोजमापाचा प्रयत्न केलाच नाही असे नाही. धारावीत साठ फुटी आणि नव्वद फुटी रस्ते आहेत, सांगलीत शंभर फुटी रस्ता आहे, आणि प्रत्येक वाढत्या गावात ऐंशी फुटी नावाचा एक रस्ता असतोच. देशात दशमान पद्धत येऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला असला तरी मीटरच्या रस्त्याला भाव येत नाही. 'अठरा मीटर रस्त्यालगत प्लॉट' असे म्हटले तर गिऱ्हाईकाला गल्ली डोळ्यांपुढे येते, आणि 'साठ फुटी' म्हटले की तोच मनुष्य ताबडतोब विसाराची रक्कम काढतो. अशा रस्त्यावर मोजपट्टी घेऊन उतरलेल्या अभ्यासकास प्रथम दुकानाच्या पुढे आलेली पायरी लागते, मग पायरीपुढे मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांपुढे उभ्या दुचाक्या, दुचाक्यांपुढे वडापावची गाडी आणि गाडीपुढे खाणाऱ्यांची रांग. मधला उरलेला भाग मोजण्यास पट्टी लागत नाही. तरीही दुकानदाराचे म्हणणे बिनतोड असते. "साठ फूट पूर्ण आहे साहेब," तो सांगतो, "आमच्या मागच्या भिंतीपासून मोजा."

'बायपास' या शब्दाबाबतही थोडी सहानुभूती हवी. शहराला वळसा घालावा म्हणून तो बांधतात, शहराला ते कळते, आणि शहर त्याच्याकडे धावत सुटते. पुण्याभोवतीच्या कात्रज ते देहूरोड बायपासला आता दोन्ही बाजूंनी शहर चिकटलेले असून वळसा नेमका कोण कोणाला घालतो आहे हे सांगणे कठीण झाले आहे. बायपासला बायपास आणि त्याला रिंग रोड, अशी ही वंशावळ पुढे वाढत राहते.

सर्वांत शेवटी 'डी. पी. रोड' या संज्ञेचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण ती प्रत्येक उपनगरात आढळते आणि तिच्याविषयीचे अज्ञान सार्वत्रिक आहे. खेड्यात डी. पी. म्हणजे विजेच्या रोहित्राची पेटी, जिच्याजवळ पावसात जाऊ नये, मोबाईलवर डी. पी. म्हणजे स्वतःचे दहा वर्षांपूर्वीचे छायाचित्र. आणि रस्त्याच्या बाबतीत डी. पी. म्हणजे डेव्हलपमेंट प्लॅन, अर्थात शहराचा विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार असा आराखडा करून वीस वर्षांत किमान एकदा त्याची फेरतपासणी करावी लागते. आराखड्यावर रेषा ओढली की रस्ता जन्माला आला असे समजले जाते. जमिनीवर तो उतरेपर्यंत त्याला दुसरे नाव देण्यास कोणी धजत नाही, आणि उतरल्यानंतर जुने नाव सोडण्यास कोणी तयार नसते. परिणामी ज्याच्या नावात केवळ 'हा नकाशात आहे' एवढीच माहिती आहे असा रस्ता औंधला सापडतो, कोथरूडला सापडतो, आणि पत्ता विचारणाऱ्याला नेहमी दुसऱ्याच उपनगरातला सापडतो.

आद्याक्षरांमागे थोर पुरुष असतात या पूर्वानुभवामुळे नव्या पिढीचा असा समज होऊ लागला आहे की डी. पी. हेही कोणी मोठे गृहस्थ असावेत. त्यांचे कार्य सर्व उपनगरांत पसरलेले दिसते आणि त्यांच्या नावाचे रस्ते इतर कोणाही नेत्यापेक्षा अधिक आहेत, त्यामुळे हा तर्क अगदीच त्याज्य म्हणता येत नाही. उद्या एखाद्या उत्साही मित्रमंडळाने 'थोर समाजसेवक डी. पी. साहेब' यांचा अर्धपुतळा बसवण्याचे ठरवले, तर चौक मिळेल, वर्गणी मिळेल, सौजन्याच्या पाटीवर झळकण्यास पाच चेहरे मिळतील. अडचण फक्त जयंतीच्या तारखेची येईल. ती कळवावी म्हणून मंडळाने रीतसर अर्ज केल्यास संबंधित खात्याकडून येणारे उत्तर ठरलेले आहे. जन्मदिनांक म्हणून आराखडा मंजूर झाल्याचा दिनांक धरण्यास या कार्यालयाची हरकत नाही, तथापि सदर आराखडा शासनाकडे मंजुरीसाठी प्रलंबित आहे. दरम्यान पुण्यतिथी साजरी करावयाची असल्यास कृपया रस्ते खोदाई विभागाशी संपर्क साधावा.